हळू, मध्यम, जोरात

हिंगोली जिल्ह्यात अशी वस्तू सापडणं कठीण, जिच्यावर आमच्या साडूंनी एकदा तरी टिचकी मारून पाहिली नाही. आपण कुणाच्या घरी गेलो की पाण्याचा तांब्या तोंडाला लावतो. आमचे साडू तो आधी नखानं वाजवतात, मान तिरकी करून ऐकतात आणि मग पितात. माझ्या लग्नात आहेरात आलेल्या भांड्यांपैकी कोणतं अस्सल पितळेचं आणि कोणतं नुसतं मुलामा दिलेलं, हे त्यांनी भर मांडवात वाजवून जाहीर केलं होतं. त्यामुळे एका मामेसासऱ्यांनी पुढं कित्येक वर्षं त्यांच्याशी बोलणं ठेवलं नाही. "मी भांड्याबद्दल बोललो व्हतो," साडू म्हणायचे, "पाव्हण्यानं सोताला काहून लावून घेतलं?"

माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, ती यांना दिलेली. वसमतला हळदीच्या एका गोदामामागं त्यांचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकीला गोधडी, मधोमध टेबलावर संगणक आणि त्याला जोडलेला कीबोर्ड. हंगामात गोदामातून हळदीची भुकटी आत यायची आणि कीबोर्डच्या पांढऱ्या पट्ट्या पिवळ्या पडायच्या. गावोगावच्या भजनी मंडळांपासून जयंतीच्या गाण्यांपर्यंत, मंगलाष्टकांपासून शिकवणीच्या जाहिरातींपर्यंत सगळं याच खोलीतून निघायचं. बाहेर हळद घोटायचं पिंप फिरायला लागलं की रेकॉर्डिंग बंद, आणि पिंप थांबलं की गायकाला घास टाकून उठावं लागायचं.

संगणकावर संगीत करायचं म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये आवाजांचे साठे भरून ठेवावे लागतात. मग कीबोर्डची पट्टी दाबली की कधी सतार वाजते, कधी ढोलकी. बाकीचे लोक हे साठे तयार आणतात. साडूंनी निम्मे स्वतः गोळा केले. कोणतंही वाद्य दिसलं की ते वाजवणाऱ्याला बसवून घ्यायचे आणि सांगायचे, "एकडाव हळू, एकडाव मध्यम, एकडाव जोरात." आणि हे एकदाच नव्हे, प्रत्येक ठोका चार-चार वेळा. कारण विचारलं तर म्हणायचे, "माणूस दोनदा सारखं मारत न्हाई. मशीन मारते. म्हणून मशीनीला चार ठोके द्यायचे, म्हणजे तिला लाज वाटत न्हाई."

वाद्यांवर ते थांबले असते तरी ठीक होतं. एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं लग्नाहून परत येताना वारंगा फाट्यावर खिचडी खायला उतरलो. ताटं समोर आली तेव्हा साडू जागेवर नव्हते. ते भट्टीजवळ उभे होते आणि हॉटेलवाला, दहा गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना, त्यांच्या सांगण्यावरून मोठ्या पातेल्यावर झाकण आपटत होता. हळू, मध्यम, जोरात. आम्ही गार खिचडी खाल्ली. आठेक महिन्यांनी वसमतच्या एका वरातीत नवरदेवाचे मित्र बेभान नाचत होते. साडू माझ्या कानाशी आले आणि अभिमानानं म्हणाले, "वळखलं का? आपलं झाकण."

त्यांचा सगळ्यात लाडका आवाज होता हट्टा गावच्या एका म्हाताऱ्या हलगीवाल्याचा. त्या म्हाताऱ्याला त्यांनी चार दिवस घरी ठेवून घेतलं होतं. हलगी शेकण्यासाठी स्टुडिओत शेकोटी पेटवली आणि एक गादी जाळली. म्हातारा पुढं वारला, पण "डावा हात, शेकलेली" आणि "उजवा हात, गार" अशा नावांनी त्याचे सगळे ठोके साडूंच्या संगणकात शाबूत होते.

या सगळ्यानं संगणक भरला. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांचा मेसेज आला, "साडूभाऊ मशीन भरली. आवाज बाहेरच्या डिस्कवर न्यायचे हाईत. या." मी हिंगोलीला शाळेत मास्तर आहे आणि शाळेचे ऑनलाइन फॉर्म मीच भरतो, एवढ्यावरून सासरकडच्या मंडळींनी मला संगणकतज्ज्ञ ठरवलेलं आहे. मी फोन लावला, त्यांनी कापला, आणि लगेच लिहिलं, "लिहून बोला." ही त्यांची हल्लीची नवी तऱ्हा, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वसमतला पोचलो. बघतो तर संगणकाची बरीचशी जागा एका परदेशी वाद्यवृंदानं व्यापलेली. चाळीस व्हायोलिनं आणि त्यांचा लवाजमा. साडूंनी तो एकदाही वापरला नव्हता. मी म्हणालो, "हे काढून टाकू. निम्मा प्रश्न सुटतो."

माझ्या तोंडाकडं बघत ते म्हणाले, "चाळीस गोरे लोक कवाचे बसून हाईत आत. त्यायला मी काम दिलं न्हाई, हा माझा कसूर. आलेल्या पाव्हण्याला उठवते का कोणी?"

तेव्हा व्हायोलिनांसकट सगळंच न्यायचं ठरलं. डिस्कची वायर आखूड होती म्हणून मी टेबल भिंतीपासून जरा ओढलं, डिस्क मागं जोडली आणि साठे एकेक करून उतरवायला लावले. किती उतरलं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी सरकत राहिली. आम्ही जेवलो, साडूंनी डुलकी काढली, चारच्या सुमारास काम संपलं. आता सॉफ्टवेअरला नवी जागा दाखवायची होती. साठा जुन्या जागी दिसला नाही की ते "फाइल सापडत नाही" म्हणून तांबडी पाटी लावतं. मग आपण बोट धरून नव्या डिस्कवर न्यायचं. मी एकेक साठा दाखवत गेलो आणि साडू पट्टी दाबून तपासत गेले.

पहिली हट्ट्याची हलगी. त्यांनी पट्टी दाबली. पडद्यावर हिरवी रेघ उसळली आणि खाली बसली. मला काही ऐकू आलं नाही.

"ऐका," साडू म्हणाले. "ही गार हलगी. म्हणून जरा ओली बोलून राहिली."

मी मान हलवली. नंतर तुणतुणं. हिरवी रेघ वर, खाली. खोलीत चिडीचूप. "तार थोडी उतरलेली व्हती. मीच म्हणलं, राहू द्या, म्हाताऱ्या माणसाचा आवाज असाच असते." मग संबळ. "हा बराबर." मग घुंगरं. "ह्या घुंगरात एक फुटका हाय, आला का ध्यानात?"

मला वाटलं, माझ्याच कानात काही झालं. मी स्पीकरकडं पाहिलं तर त्यांचे दिवे विझलेले. खाली वाकलो. टेबल ओढताना प्लग निघून फरशीवर पडला होता.

मी टेबलाखाली शिरलो आणि प्लग खोचला. त्याच क्षणी साडूंनी पट्टी दाबली. स्पीकरचा आवाज त्यांनी कधीतरी शेवटपर्यंत चढवून ठेवला असावा. शेकलेल्या हलगीची जोरातली थाप खोलीत अशी फुटली की माझं डोकं टेबलाला आपटलं, रॅकवरचा पेनांचा डबा खाली आला, आणि आक्का स्वयंपाकघरातून पिठाचे हात घेऊन धावत आली.

साडू पडद्यावरच्या हिरव्या रेघेकडं बघत शांतपणे म्हणाले, "ही बी बराबर."

मग त्यांना आमचे चेहरे दिसले. आक्का क्षणभरच थांबली. पुढं होऊन तिनं स्पीकरचं बटण खाली आणलं, त्याला लागलेलं पीठ पदरानं पुसलं आणि त्यांच्यासमोर येऊन म्हणाली, "एवढं मोठं काहून लावलं? शेजारचे येतील ना." आणि चहा ठेवायला आत गेली.

साडू बराच वेळ पट्ट्यांवरची हळद बोटानं निपटत बसले.

"प्लग निघाला व्हता?"

"व्हय."

"कवापासून?"

"पहिल्यापासून."

ते थोडं हसले. त्यांच्या तोंडावर असं हसू मी आधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. डावा कान तीन वर्षांपूर्वीच गेला. उजवा हळूहळू जात होता, तो आदल्या वर्षीच्या पोळ्याच्या आसपास बसला. नांदेडच्या डॉक्टरनं नस सुकत चालल्याचं सांगितलं. कानाला मशीन लावली तर माणसांचं बोलणं कळेल, पण गाणं पहिल्यासारखं येणार नाही. तरीही वर्षभर त्यांनी काम केलं. पट्टीला हात लावला की आवाज डोक्यात वाजतो, हिरव्या रेघेवरून कमी-जास्त कळतं, असं त्यांचं म्हणणं. परंतु मागच्या महिन्यात एका मंडळाचं भजन बिघडलं. मंडळी भली, काही बोलली नाहीत. पुढचं भजन दुसरीकडं करून आली.

"हिंगोलीच्या त्या संगीताच्या बाई हाईत ना," ते म्हणाले, "जयंतीची गाणी म्हणायला येत्यात. त्या घरी रेकॉर्डिंग करून राहिल्या. त्यायला देऊन टाकायचे सगळे आवाज. पण ऐकल्याबिगर कसे द्यायचे? एखादा फाटका गेला तं म्हातारा वर बसून शिव्या दील. तुमी ऐका, साडूभाऊ."

"मला यातलं काही कळत नाही. ज्याला कान आहे त्याला ऐकवा."

"कोणाला?"

"आक्काला."

त्यांनी मान हलवली. "तिला सांगू नका. लई तकलीफ करून घेईल जिवाला."

संध्याकाळच्या गाडीला निघालो तेव्हा आक्का फाटकापर्यंत आली. "मला दोन वर्षांपासून माहीत हाय," ती म्हणाली. "कुकरपाशी बसवलं, शिट्ट्या मोजा म्हणलं, तं डाळ करपली आन् हे तिथंच पेपर वाचून राहिले. तवापासून मी समोर गेल्याबिगर बोलत न्हाई. त्यायला वाटते, आपण लपवलं. वाटू द्या. तुमी काही सांगू नका."

एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की एकाच घरातली एकच गोष्ट त्या दोघांनी माझ्याजवळ ठेवायला दिली होती आणि दोघांनीही ती एकमेकांपासून जपायला सांगितली होती. पुढचे आठ दिवस दोघांचे मेसेज येत राहिले. यांचा, "तिला काही बोललात तर नाही?" आणि तिचा, "ह्यांना काही बोललात तर नाही?" मी दोघांना खरंखुरं "नाही" कळवत राहिलो, आणि साडूंना दरवेळी एकच ओळ जास्त लिहिली, "आक्काला ऐकवा."

शेवटी त्यांनी सांगितलं. मी तिथं नव्हतो. आक्कानं नंतर सांगितलं ते एवढंच. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, मला एक सांगायचं हाय. ती म्हणाली, बसा, मलाबी.

त्यानंतर तीन दुपारी आक्का स्टुडिओत बसली. इतक्या वर्षांच्या संसारात त्या खोलीत ती झाडू मारण्यापुरती जायची. रेकॉर्डिंगच्या वेळी बांगड्या घातलेल्या माणसाला आत यायला बंदी होती आणि तिनं बांगड्या कधी काढल्या नाहीत. आता ती खुर्चीवर आणि साडू तिच्यासमोर, पडद्याकडं पाठ करून. हात मागं नेऊन ते पट्टी दाबायचे आणि तिच्या चेहऱ्याकडं बघायचे. वाजलं की ती "वाजलं" म्हणायची, फाटका असला की तोंड वाकडं करायची, आणि ते वहीत खूण करायचे.

तिसऱ्या दुपारी मी डिस्क न्यायला गेलो होतो. एकच साठा उरला होता, नाव होतं "घर". साडूंनी पट्टी दाबली. मंद, भरीव, जरा दबलेली अशी एक थाप. ती मला कुठंतरी ऐकल्यासारखी वाटली. कुठं म्हणजे सगळीकडंच. साडूंच्या प्रत्येक गाण्याच्या तळाशी ती होती. वरातीत होती, भजनात होती, जयंतीच्या गाण्यात होती.

आक्का "वाजलं" म्हणाली नाही. तिनं बोट वर करून पुन्हा वाजवायला सांगितलं. हळू. मध्यम. जोरात.

"ही तं भाकर हाय," ती म्हणाली. "माझी काटवट हाय ही." मग जरा ऐकून, "बांगड्या वाजून राहिल्या मागं."

साडू तिच्या ओठांकडं बघत होते. "कवा घेतलं हे?" तिनं सावकाश, समोरून विचारलं.

"तू पहिल्यानं आली व्हती तवा. दारामागून, टेपवर."

"मग बांगड्या काहून न्हाई काढल्या? तुमी तं सगळ्यांच्या काढता."

"राहू दिल्या," साडू म्हणाले आणि वहीत खूण करायला वाकले. ती खूण करायला त्यांना फार वेळ लागला. आक्कानं डोळ्याला पदर लावला आणि मी डिस्कची वायर गुंडाळायचं काम काढलं.

डिस्क मी हिंगोलीला बाईंच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, पुढं त्यात वारंग्याचं झाकण आणि चाळीस व्हायोलिनं सापडली तेव्हा मला फोन करून हसल्या, आणि एका गाण्यात त्यांनी व्हायोलिनांना कामसुद्धा दिलं. साडूंना मी ते लिहून कळवलं. त्यांचं उत्तर आलं, "गोऱ्यायला जेवू घाला म्हणावं."

आता त्यांच्या कानात मशीन आहे. माणसांचं बोलणं कळतं. माझा आवाज इतका किरटा आहे हे आधी माहीत नव्हतं, असं ते मला भेटल्या भेटल्या म्हणाले. स्टुडिओतल्या गाद्या निघाल्या, खिडकीवरची गोधडी निघाली, खोलीत ऊन येतं. मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा आक्का चुलीपुढं बसली होती आणि साडू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. तिनं पिठाचा उंडा घेऊन पहिली थाप मारली तसं त्यांनी कानातलं मशीन काढलं आणि खिशात ठेवलं.

मी खुणेनंच विचारलं, का काढलं?

"मशीनीत पत्रा वाजल्यावानी येते," ते म्हणाले. आणि तिच्या हातांकडं बघत, मान जराशी तिरकी करून बसून राहिले.