दर आळीचे दोन खेळाडू

माझा मुलगा परदेशात फुटबॉल संघांचा मॅनेजर असतो. मधूनमधून नसतो. लोकांना हे समजावून सांगता सांगता माझा वेळ जातो. मॅनेजर म्हटलं की विचारतात, कुठल्या बँकेत? फुटबॉल म्हटलं की, या वयात अजून खेळतो? मग मी सांगते, तो खेळत नाही, खेळवतो. संघ हरला की खेळणारे तिथेच राहतात आणि खेळवणाऱ्याला घरी पाठवतात. अशी नोकरी माणसाने का धरावी हे समोरच्याला कळत नाही. मलाही ते नीट कळलेलं नाही.

त्याला बँकेतली कायमची नोकरी होती. खेळाडू म्हणून घेतलं होतं. गुडघा गेला तेव्हा बँकेने टेबल दिलं, खुर्ची दिली. तिथे बसून पेन्शन घेतली असती तर गावातल्या इतर चारचौघांसारखा झाला असता. त्याने फुटबॉल शिकवण्याच्या परीक्षा दिल्या, राजीनामा दिला आणि मालदीवला गेला. पुढे भूतान, नंतर ओमान. कुठे दोन हंगाम टिकला, कुठे एक. ओमानला मध्येच काढलं. ते त्याला क्लबने सांगितलं नाही, सरावाला गेला तर दुसराच माणूस शिट्टी वाजवत उभा होता. माझी सून वसईत शाळेत शिकवते. ती कधी त्याच्याबरोबर गेली नाही. तिने त्याला कधी अडवलं नाही, आणि बॅग भरायलाही कधी हात लावला नाही.

ओमानहून आला तो घरीच राहिला. पाऊस गेला, नाताळ झाला, उपवासकाळ सुरू झाला तरी कुठून बोलावणं येईना. फोन खिशातून बाहेर, बाहेरून खिशात. आमच्या केळीच्या वाडीत त्याने पाण्याचा पाइप उपटून दुसरीकडून टाकला. पहिला चांगला होता. विहिरीपासून फाटकापर्यंत पाय ओढत फिरायचा, मध्येच थांबून हात हलवायचा, जणू समोर कोणी चुकीच्या जागी उभं आहे. मी वाल सोलायला बसले की समोरच्या ताटातले दाणे उचलून जमिनीवर मांडायचा. एकदा मला घाई होती, मी ते उचलून पातेल्यात टाकले.

"आई, तो माझा उजवा बॅक होता," तो म्हणाला.

"मग आता उसळीत खेळेल. ऊठ, नारळ खवून दे."

आमच्या घरची बोली वेगळी आहे, ती लिहून बाहेरच्या कोणाला कळणार नाही, म्हणून बोलणं सरळ मराठीत लिहिते आहे.

एका रविवारी जावई जेवायला आले. ते कामणला गोदामात कामाला आहेत. जेवताना ते मुलाला म्हणाले, "मेहुणे, आमच्याकडे सुपरवायझरची जागा आहे. मालकाशी बोललोय. माणसं हाताळायची आहेत, तुम्हाला सवय आहे. एप्रिल संपेपर्यंत तो थांबेल."

मुलगा मासळीचे काटे काढत राहिला. सून म्हणाली, "चांगलंच आहे की." तिच्या आवाजात काही नव्हतं, पण ती पुन्हा भात वाढायला विसरली.

म्हणजे आता हिशोब सरळ झाला होता. एप्रिल संपायच्या आत बाहेरचा क्लब मिळाला तर ठीक, नाहीतर कामण. गोदामात काही वाईट नाही. माझे जावई तिथे नोकरी करून घर चालवतात. पण मी त्याला जन्म दिलाय. तो गोदामात गेला असता तर सगळी खोकी सांगेल तशी उभी राहिली असती आणि हा आतून सुकून गेला असता. हे मी तोंडाने बोलले नाही. घरात तशी बोलायची पद्धत नाही.

मग मालदीवहून फोन आला. तिथे याच्या हाताखाली खेळलेला एक जण आता एका बेटावरच्या क्लबचं काम बघतो. त्यांचा मॅनेजर सोडून चालला होता. तो म्हणाला, सर, तुमचं मागचं मला माहीत आहे, पण कमिटी विचारेल की सध्या काय करता. आत्ताच्या संघाचं शूटिंग पाठवा, सामना कोणताही चालेल.

आत्ताचा संघ कुठून आणायचा? चर्चच्या मंडळातली पोरं दोनदा येऊन गेली होती, ईस्टरनंतरच्या स्पर्धेसाठी शिकवा म्हणून. दोन्ही वेळा याने नाही म्हटलं होतं. आता स्वतः स्कूटर काढून त्यांच्याकडे गेला. मान खाली घालून गेला, हे मी बघितलं.

पोरं खूश झाली. पहाटे मैदानावर शिट्टी वाजायला लागली. पळवायचा, पुन्हा पळवायचा. कोणी वाडीतली फुलं तोडायचं कारण सांगून उशिरा आला तर त्याला परत पाठवायचा. मागे तीनच जण ठेवायचे आणि बाकीच्यांनी पुढे चढायचं, असा त्याचा खेळ आहे. त्याला पायात वेग लागतो. त्याने वेग बघून अकरा जण निवडले आणि नावं चर्चच्या हॉलमधल्या फळ्यावर लावली. त्यात सात आमच्या आळीचे निघाले, चार वरच्या आळीचे. खालच्या आळीचा एकही नाही.

आमच्या गावाचा संघ असा होत नाही. दर आळीचे निदान दोन खेळाडू असतात. सणाच्या मांडवाला जशी प्रत्येक आळी बांबू देते, तसं हे आहे. कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून असंच. याला ते माहीत होतं. लहानपणी तो याच पद्धतीने संघात आला होता. पण इतकी वर्षं बाहेर राहून त्याला वाटलं की ते आता संपलं असेल.

संध्याकाळी खालच्या आळीचे काका आमच्या ओट्यावर येऊन बसले. वयाने माझ्याएवढे आहेत. चहा दिला तो त्यांनी बाजूला ठेवला.

"आमची आळी समुद्रात वाहून गेली काय रे?" त्यांनी मुलाला विचारलं.

"काका, तुमच्याकडचे पळत नाहीत."

"सणाला मांडव घालायला पळतात तेव्हा बरे चालतात."

"मांडवात ऑफसाइड नसतो."

"दोघांना बाकावर तरी बसव," मी म्हटलं.

काका माझ्याकडे वळले. "म्हणजे बाय, मैदानात तुमचे आणि बाकावर आमचे. मग रविवारी चर्चमध्ये मिस्सेला पण असंच बसू. तुम्ही पुढे, आम्ही दारात." मग ते पुन्हा मुलाला म्हणाले, "आणि एक सांगतो. अर्धं मैदान आमच्या शेतात येतं. आमच्या अर्ध्यात आम्ही वांगी लावतो. तुमच्या अर्ध्यात तुम्ही काय ते फुटबॉल खेळा."

चहा न पिता गेले.

मुलगा आत आला आणि येरझाऱ्या घालायला लागला. म्हणाला, मी सोडतो हे. दोन जड माणसं घालून तो खेळ होणारच नाही, आणि तसलं शूटिंग पाठवण्यापेक्षा न पाठवलेलं बरं.

"तुला काम पाहिजे की तुझं खरं करायचंय?" मी विचारलं.

"दोन्ही एकच आहे, आई."

"एक नाही. ओमानला तुझंच खरं केलंस. तिथून काय आणलंस?"

सून टेबलावर पेपर तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "कामणला जायचं असेल तर आताच सांगा. डब्याला काय भाजी आणायची ते ठरवायला बरं."

त्याला ते लागलं. तो जेवला नाही. वाडीत गेला आणि बराच वेळ मोटर चालू-बंद केल्याचा आवाज येत होता. मी झोपायला गेले. मला तरी कुठे झोप होती? पण दोघांनी जागून काही झालं नसतं.

सकाळी तो खालच्या आळीत गेला. एका ओट्यावरून उठून दुसऱ्या ओट्यावर, असं दुपारपर्यंत चाललं. कुठे चहा, कुठे टोमणे. एका बाईने त्याला तोंडावर विचारलं की अरबांनी हाकलल्यावर आमची आठवण झाली काय. त्याने हो म्हटलं. हे मला नंतर त्या बाईनेच सांगितलं, मोठ्या कौतुकाने.

तिथले दोघे त्याने घेतले. सख्खे भाऊ. एक भाजीचा टेम्पो चालवतो, दुसरा सातिवलीला कारखान्यात आहे. दोघेही दारासारखे रुंद. त्यांच्यासाठी आमच्या आळीतल्या दोघांना काढावं लागलं, तर त्यांच्या आया माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मुलाने आपला तीन जणांचा खेळ मोडला आणि मागे पाच उभे केले. दोघा भावांना सांगितलं, पळू नका, जागा सोडू नका, येईल त्याला अडवा. सराव घेऊन घरी आला की तोंड कडू झाल्यासारखा दिसायचा. ताटातल्या वालाला हात लावत नव्हता.

स्पर्धेला मी खुर्ची घेऊन गेले. शूटिंग सुनेने केलं, हॉलच्या गच्चीवरून. तिचा हात स्थिर आहे, पण तोंड नाही. अख्ख्या शूटिंगमध्ये तिचा आवाज आहे. "अरे मागे बघ, मागे कोण आहे!" कुठे उभं राहायचं ते तिला इतकं कळतं हे मला तेव्हा समजलं. त्यालाही बहुतेक तेव्हाच.

पहिले दोन सामने एकेका गोलाने जिंकलो. बघायला खेळ वाईट होता, नुसती धक्काबुक्की आणि उंच मारलेले बॉल. तिसऱ्यात बरोबरी झाली आणि पेनल्टीत हरलो. बॉल बाहेर मारला तो आमच्या आळीतल्या सगळ्यात चपळ पोराने. काका माझ्या मागेच उभे होते. फक्त खोकले.

त्याने तिन्ही सामने पाठवून दिले. मग काहीच नाही. आठवडा गेला, पुढचा गेला. जावयांचा फोन येत होता, तो मी घेत होते. एप्रिल संपत आला तेव्हा मुलगा त्यांच्याबरोबर कामणला जाऊन गोदाम बघून आला. कसं आहे विचारलं तर म्हणाला, "माल दारापासून लांब लावलाय, उगाच हेलपाटे होतात. तेवढं बदललं तर बरं चालेल." तो तिथे मनाने कामाला लागला होता.

जावयांना हो कळवायच्या आदल्या दिवशी मालदीवचा फोन आला. मुलगा निर्मळला केळीची पानं पोचवायला गेला होता, तिथेच रस्त्याच्या कडेला स्कूटर लावून बोलला. घरी येऊन पायरीवर बसला आणि बूट काढायचं विसरला.

त्या माणसाने विचारलं होतं, सर, तुम्ही तर मागे तीन ठेवता, इथे पाच का? याने आळ्यांचं सगळं खरं सांगितलं. तो हसत सुटला. म्हणाला, आमच्या बेटावर चार घराणी आहेत, प्रत्येकाला आपला माणूस संघात हवा. आधीचा मॅनेजर त्याच भांडणात गेला. कमिटीने तुमचं नाव पक्कं केलंय.

मुलाला वाटतं, आळ्या सांभाळल्या म्हणून त्याला घेतलं. सुनेला वाटतं, त्यांना दुसरा कोणी मिळाला नसेल. दोन्ही खरं असू शकतं. जावयांना नकार मी कळवला. ते चिडले, आणि त्यांचं बरोबर होतं, त्यांनी मालकाला शब्द दिला होता.

तो गेला. या वेळी सुनेने बॅगेत शर्ट घडी करून ठेवले. तिनेच ठेवले, त्याने सांगितलं नव्हतं.

आता सामना असला की ती फोनवर लावते आणि मी बाजूला बसते. पहिला हरले, दुसरा बरोबरीत सुटला. हंगाम संपेपर्यंतचा करार आहे. पुढे काय हे त्यालाही माहीत नाही, आणि त्या काळजीने मी सकाळी उठल्यापासून वाडीत इकडून तिकडे करते, काम नसताना. काल त्याने फोन केला. घराण्यांचं काय झालं विचारलं, तर म्हणाला, तीन राजी आहेत, चौथ्याकडे आज जेवायला जायचंय. मागे कोणीतरी त्याला हाक मारत होतं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"न्यायला गाडी आलीय, आई. ठेवतो," म्हणाला आणि ठेवला.