चार कॅमेऱ्यांचे चार वाटे

माझा स्वभाव संशयी, हे आधीच कबूल करते. पण दर जुम्म्याला ठरल्या वेळीच इंटरनेट मान टाकायला लागलं, तर कुणालाही संशय येईल की नाही?

नवरा आखातात नोकरीला. जुम्म्याच्या नमाजानंतर तो व्हिडिओ कॉल करायचा. सासूची नजर महिन्यागणिक कमी होत होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. दिसतंय तोवर लेकाला बघून घेऊ दे, एवढंच तिचं मागणं. आणि नेमका तोच चेहरा अर्ध्या शब्दावर थिजायचा.

माझा संशय थेट शेजारच्या थोरल्या जावेवर. दोन घरांत लाइन एकच, राउटर आमच्या पडवीत. तिची दोन पोरं दिवसभर मोबाइलला चिकटलेली. मेली मुद्दाम करते, असं मी सासूला सांगितलं, एकदा तिच्या तोंडावरही सुनावलं. ती गप्प राहिली. गप्प आहे म्हणजे काहीतरी काळंबेरं आहेच, असं मी धरून चालले.

शेवटी केबलवाल्याला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, मासेमारी सोडून या धंद्यात आलेला. म्हटलं, दोन्ही घरांना सारखा वाटा करून द्या. तो म्हणाला, राउटर सगळ्यांना सारखाच वाटा देतो. मग राउटरला काय काय जोडलंय त्याची यादी त्याने मोबाइलवर उघडून बघितली आणि हसला. होडीवर ज्याची जाळी जास्त, त्याला म्हावऱ्याचे वाटे जास्त, हे मलाही ठाऊक होतं.

"भाभी, हा डबा घरं मोजत न्हाय, जाळी मोजतो. चार जाळी तर तुमचीच हायेत."

चार कॅमेरे! वाडीतले नारळ चोरीला जातात म्हणून मीच लावलेले. खरं सांगते, त्यातला एक जावेच्या ओट्याकडे तोंड करून होता. चौघं रात्रंदिवस चित्रं इंटरनेटवर पाठवत होते, आणि त्यांच्या चार वाट्यांपुढे नवऱ्याच्या कॉलला एकच वाटा.

तरी माझा विश्वास बसेना. मागच्या जुम्म्याचं चित्रण काढलं. कॉलच्या वेळी जाऊ पोरांचे मोबाइल काढून घेते, बंद करते, ओट्यावर आमच्या खिडकीकडे बघत बसते. त्याआधीच्या जुम्म्यालाही तेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चारही प्लग उपटले. पुढच्या जुम्म्याला जावेला हाताला धरून घरी आणलं. नवरा एकदाही थिजला नाही, अगदी दाढीतले पांढरे केस दिसत होते. सासूने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"लाइन अजून सुधारली न्हाय का गं?" तिने विचारलं.