पिवळ्या पान्याचा दिवा

तांडेलाचा मुलगा आता जहाजावर जात नाही, आणि ते माझ्यामुळे. आमच्या गावात कुणालाही विचारा, सांगतील की पोराला वेगाची मस्ती होती, ती घाटात नडली. साफ खोटं आहे. मस्ती होती ती मला, माझ्या कानांची.

मी इंजिनांचा मिस्त्री. रत्नागिरीच्या बंदरात तीसेक वर्षं मासेमारीच्या लाँचची इंजिनं उघडली आणि जोडली. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, लाँचच्या पोटात उतरणं जमेना, तेव्हा रस्त्याला लागून शेड टाकली आणि चारचाकी गाड्या दुरुस्तीला घ्यायला लागलो. पण शिक्षण बंदरावरचं. लाँच धक्क्याला लागायच्या आधी नुसत्या आवाजावरून मी सांगायचो, हिचा पंप गेलाय. लोक म्हणायचे, मिस्त्रीला डॉक्टरची नळी लागत नाय. ऐकून बरं वाटायचं. का नाही वाटणार?

तांडेल माझा जुना दोस्त. लाँचवर जाळं कुठे टाकायचं, माघारी कधी फिरायचं, हे ठरवणारा तो तांडेल. लोक त्याला आजही त्याच नावाने हाक मारतात. स्वतः जन्मभर मासे मारले, पण एकुलत्या एका मुलाला मोठ्या जहाजावर अधिकारी केलं. इंजिनखोलीत नव्हे, वर, जिथे उभं राहून दिशा बघायची तिथे. आणखी एक खेप झाली की तो वरच्या परीक्षेला बसणार होता, आणि त्यापुढे कप्तान. "आपल्या घरात कप्तान, मिस्त्री!" हे तांडेल इतक्यांदा बोलायचा की मी वैतागून म्हणायचो, मेल्या, आधी होऊ तर दे.

मुलाने हौसेने गाडी घेतली. लाल, बुटकी, दोनच माणसं मावतील अशी स्पोर्ट्‌स कार. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी विचारलं, "हिच्यात बसायचं, की हिला अंगात घालायची?" तो हसून हसून बेजार. वर्षातले तीन-चार महिने तो घरी, तेवढीच ती फिरायची. पाच वर्षांत सात हजार किलोमीटरसुद्धा झाले नव्हते.

उरलेले महिने गाडी तांडेलाच्या घराशेजारी उभी. तांडेलाने ती आपल्या पद्धतीने सांभाळली. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा लाँच वर ओढून माडाच्या झापांनी शाकारून ठेवतात आणि इंजिन जाम होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवतात. तेच त्याने गाडीला लावलं. दर रविवारी आंघोळ करायची, गाडीला उदबत्ती ओवाळायची, इंजिन चालू करायचं आणि मला फोन लावून तो फोन बॉनेटवर धरायचा. "ऐक रे मिस्त्री." मी ऐकायचो. "झकास," म्हणायचो. दहा मिनिटांनी गाडी बंद. ती जागची एक हातभरसुद्धा हलायची नाही.

मागच्या सुट्टीत मुलगा आणि सून गाडी घेऊन माझ्या शेडवर आले. जहाजावर रुजू व्हायला आठ दिवस उरले होते. समोरच्या काचेखाली एक पिवळा दिवा पेटत होता, पान्याच्या आकाराचा. सून शाळेत शिकवते. ती गाडीचं जाडजूड पुस्तक घेऊनच आली होती.

"काका, हा दिवा सर्व्हिसचा आहे. आणि ब्रेकचं तेल दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कमी फिरली असली तरी. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, असं लिहिलंय."

"सूनबाई, पुस्तक लिहिणारा बसलाय बर्फात," मी म्हटलं. "त्याला आपली खारी हवा काय ठाऊक?"

केवढ्या ऐटीत बोललो होतो! अरे, खाऱ्या दमट हवेत तर ते तेल आणखी लवकर पाणी पितं. मी जे बोललो ते माझ्याच विरुद्ध होतं, आणि मला कळलं नाही.

मग मी नेहमीचा खेळ केला. इंजिन चालू करायला लावलं, डोळे मिटले, ऐकलं. एकसारखं, गुळगुळीत चालत होतं. उभ्या गाडीत ब्रेकचं पेडल दाबलं, दगडासारखं घट्ट. आणि मशीन लावून तो पिवळा दिवा पुसून टाकला. "सात हजारात कसला आलाय ट्यून-अप? पुढच्या सुट्टीत बघू."

"काकांनी ऐकलं ना, मग झालं," मुलगा म्हणाला. सुनेने पुस्तक मिटून पिशवीत टाकलं.

जुनी गाडी आजारी पडली की खोकायची, काळा धूर ओकायची, चढावर रडायची. तेव्हा कान उपयोगाचा होता. नव्या गाडीतला संगणक इंजिनाचा आवाज बिघडूच देत नाही, आतून काहीही होवो. तिचं दुखणं कानाने नाही, तारखेने ओळखायचं असतं. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माहीत होतं. पण एवढासा दिवा मला शिकवणार, हे सोसत नव्हतं. आणि लाँचला ब्रेक नसतोच. माझ्या कानाला ब्रेकची सवयच नव्हती.

पाचव्या दिवशी तो एकटाच कोल्हापूरला अंबाबाईला जाऊन आला. जहाजावर जायच्या आधी दर्शन घ्यायचा त्याचा नेम. येताना भर दुपारी आंबा घाट उतरत होता. पुढे भरलेले ट्रक, त्यामुळे पाय सारखा ब्रेकवर. ब्रेक तापले, तेलातलं पाणी उकळलं, आणि एका वळणावर पेडल लोण्यात गेल्यासारखं खाली गेलं. दरीच्या बाजूला न जाता त्याने गाडी डोंगरावर घातली. जीव वाचला. खिडकीची काच उजव्या डोळ्यात गेली, आणि डोळा गेला.

एका डोळ्याच्या माणसाला जहाजावर दिशा बघायला उभं करत नाहीत. वैद्यकीय तपासणीत नापास, कायमचा. झालं, संपला कप्तान.

गाडीचा सांगाडा आणून ठेवला होता तिथे मी गेलो. नळी सोडून ब्रेकचं तेल काढलं. काळं, शिळ्या चहासारखं. बैल गेला आणि झोपा केला!

मला वाटलं होतं, तांडेल माझी गचांडी धरेल. त्याने धरलं मुलाला. डोळ्याची पट्टी सुटली नव्हती, आणि पडवीत चार माणसांसमोर तो ओरडला, "मिस्त्रीने ऐकून दिलेली गाडी! तिच्यात खोट असणार नाय. खोट तुझ्यात आहे." मुलगा म्हणाला, "बाबा, पेडल खाली गेलं." तांडेल म्हणाला, "आता पेडलवर ढकल."

मी तिथेच बसलो होतो, हातात चहाचा कप. तोंड उघडलं नाही. चहा मात्र संपवला. लाज वाटते लिहायला, पण संपवला.

आठ महिने हेच चाललं. बाप त्याच्याशी बोलायचा तो टोचून, नाहीतर बोलायचाच नाही. आणि वाटेत मी भेटलो की माझ्या खांद्यावर हात ठेवायचा.

एके दिवशी शाळा सुटल्यावर सून शेडवर आली. स्कूटरवरून उतरलीसुद्धा नाही. "काका, तुम्ही सांगताय, की मी सांगू?"

संध्याकाळी गेलो. पडवीत बापलेक दोघे होते. तांडेल जाळ्याचा तुकडा विणत होता, मुलगा त्याच्या डाव्या हाताला बसला होता. मी उभ्यानेच सगळं बोललो. दिवा पेटला होता, मी पुसला. तेल बदला असं सूनबाईने सांगितलं, मी हसलो. तेल मी नंतर काढून पाहिलं, ते सडलेलं होतं. पोराची काही चूक नाही. त्याने घाटात डोकं शाबूत ठेवलं म्हणून तो जिवंत आहे.

तांडेलाची विणायची सुई थांबली. शिव्या द्याव्यात, थोबाडीत मारावी, मी त्यासाठीच आलो होतो.

"बस रे," तो म्हणाला. "लाँचला कुठे ब्रेक असतो? तुला तरी काय कळणार? होतं असं माणसाकडून."

एवढंच. मुलाला आठ महिन्यांत जे मिळालं नाही, ते मला एका दमात देऊन टाकलं. मग आपली चूक त्याच्या ध्यानात आली असावी. डावीकडे वळून तो मुलाला म्हणाला, "ऐकलंस ना रे?"

बाप बसला होता तो मुलाच्या उजव्या अंगाला. तिकडचं त्याला काही दिसत नाही, बघायचं तर पूर्ण मान वळवावी लागते. मुलाने मान वळवली नाही.