तेवीस मासे आणि एकच लाल

मत्स्यसंग्रहालयाच्या मागच्या खोलीत साचेवाल्या बाई सत्तावीस वर्षं प्लास्टरचे मासे करत होत्या. मासा ओल्या वाळूत आडवा ठेवायचा, पर टाचण्यांनी पसरवायचे, वर प्लास्टर ओतायचं, आणि त्या साच्यातून हवे तितके मासे काढायचे. यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण खरी कसोटी रंगाची. मेल्या माशाचा रंग बघता बघता उडतो, म्हणून बाई रंगपेटी घेऊन धक्क्यावर जात आणि तिथंच उकिडव्या बसून कागदावर रंग उतरवून घेत.

त्यांच्या धाकट्या दिराची बोट होती. चार-पाच वर्षांपासून त्याच्या जाळ्यात भलतेच मासे येऊ लागले होते.

"वहिनी, हा बघा नवा पाहुणा," तो म्हणे. "पाणी तापलंय, म्हणून हे इकडं सरकलेत. आपले नेहमीचे गेले कुठंतरी थंडाव्याला."

बाईंनी या पाहुण्यांचेही साचे केले. पण संग्रहालयाचे साहेब बधले नाहीत. "कपाटात मंजूर यादीतलेच मासे!" म्हणजे जे समुद्रात उरले नव्हते ते काचेत, आणि जे आले होते ते फळीवर, वर्तमानपत्राखाली. असे तेवीस झाले.

मग एक दिवस साहेबच धावत आले. तापत्या समुद्रावर एक नामांकित कलाकार प्रदर्शन करणार होते आणि त्यांना हेच मासे हवे होते. बाईंना आभाळ ठेंगणं झालं. आठ महिने त्यांनी खवल्याखवल्यावर बारीक ब्रश फिरवला. खांदा धरला, चष्म्याचा नंबर वाढला.

उद्घाटनाला त्या दीर-जावेला घेऊन गेल्या. अंधाऱ्या दालनात छताला मासे टांगले होते. तोंडापासून शेपटीपर्यंत लाल. लोखंडी गेटला फासतात तसला लाल.

"वहिनी, यातला मी आणलेला कुठला?" दिरानं विचारलं. बाईंना स्वतःलाही चटकन सांगता येईना.

कलाकार हसत पुढं आले. "बाई, तुमचे आकार अप्रतिम! लाल म्हणजे ताप. समुद्र आजारी आहे, हे एका नजरेत कळायला हवं."

"पण मासे आजारी नाहीत," बाई म्हणाल्या. "धडधाकट पोहत आलेत. कोण आला, कोण गेला, हे रंगावरून कळतं. तुम्ही तर सगळ्यांना एकाच पिंपात बुचकळलंत."

"कारागीर मंडळी फार हळवी," ते शेजारच्याला म्हणाले आणि फोटोला उभे राहिले.

त्यात भर म्हणजे लोक खरंच थबकून बघत होते. एका म्हाताऱ्यानं तर डोळे पुसले. त्यामुळं बाईंना धड शिव्याही देता येईनात.

"निदान लोक बघतायत तरी," वाटेत जाऊ म्हणाली.

"लाल बघतायत," बाई फणकारल्या.

प्रदर्शन संपल्यावर मासे खोक्यांतून परत आले. बाईंनी थिनरनं लाल पुसायला घेतला, तर त्याच्याबरोबर खालचे आठ महिनेही निघून आले. हातात पांढराफटक मासा राहिला. त्यांनी बोळा भिंतीवर भिरकावला. मग जुने कागद काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दोन महिन्यांत जेमतेम पाच रंगवून झाले, तोच साहेब म्हणाले, "दुसऱ्या शहरातून मागणी आलीये. लाल रंग आपणच द्यायचाय."

"नाही," बाई म्हणाल्या. नोकरीत पहिल्यांदाच.

"अहो, मी शब्द दिलाय!"

"साच्यातून दुसरे तेवीस पांढरे काढून देते. त्यांना हवं ते फासू दे. हे माझे मिळायचे नाहीत."

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण ऐकलं. नव्या माशांची यादी मात्र अजून मंजूर झाली नाही. तेव्हा बाईंनी पाचही मासे आपल्या खोलीच्या खिडकीत, गल्लीकडं तोंड करून मांडले.

तिसऱ्या दिवशी टोपलीवाली मासेविक्रेती थांबली. "हा येतो की आता रोज! पण पोट एवढं पिवळं नसतं याचं."

"असतं! धक्क्यावर बसून उतरवलंय मी."

"असेल, पण मी रोज कापते."

बाईंनी तावातावानं कागद काढला, उजेडात धरला. कागदावरचं पिवळं फिकं होतं; मासेवालीचं बरोबर होतं. चडफडत त्यांनी मासा आत घेतला आणि ब्रश शोधू लागल्या.