शवासनात लागलेला डोळा

मंडळी, आज सकाळी कोळवणच्या योगवर्गात माझं आसन चुकलं, आणि घरी येईपर्यंत मी एकटाच हसत होतो.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. काही चुकलं की रात्रभर डोळा लागत नाही. झोप यावी म्हणूनच सुनेने वर्गाला धाडलं. तिथेही तीच काळजी, सगळ्यांना जमतं, मला कधी जमणार?

शेवटी शवासन असतं. निपचित पडायचं, पण जागं राहायचं. सगळे दक्षिणेकडे पाय करून पडतात. आमच्याकडे तसं मेलेल्याला ठेवतात, त्यामुळे माझ्या छातीत धडधडायचं. लाजेने कधी बोललो नव्हतो. आज शिकवणाऱ्या बाईंना सांगून टाकलं.

त्या म्हणाल्या, "मग आबा, तुम्ही उलटे पडा की!"

शेजारी किराणा दुकानवाले हमीदभाई होते. ते म्हणाले, "आबांना दक्षिण चालत न्हाई, आमाला पश्चिम, तिकडं काबा हाय. चला, मी बी उलटा व्हतो, तेवढीच सोबत!" सगळे हसले. मीही हसलो आणि डोळे मिटले.

उघडले तेव्हा हमीदभाई मला हलवत होते. "आबा, उटा. लई घोरताय!"

मी घाबरून विचारलं, "बाई, आसन चुकलं का?"

"साफ चुकलं," बाई हसल्या. "उद्या परत शिकू."

उद्या परत शिकायचं आहे, याचा एवढा आनंद मला शाळेतसुद्धा कधी झाला नव्हता. तुम्हाला कधी एखादी गोष्ट न जमण्यातच मजा आली आहे का?