रविवारचा वास

दर रविवारी दुपारी शेजारच्या डोरोथीच्या दाराशी स्कूटर थांबते आणि कागदी पिशवीतून तिचं जेवण येतं. आज तिनं मलाही बोलावलं होतं. माझ्यासाठी मुद्दाम मागवलेले छोले तिनं डब्यातून चिनी मातीच्या, लांबट चोचीच्या भांड्यात ओतले. तिच्या आईचं ते ग्रेव्हीचं भांडं.

आम्ही इंग्लंडातल्या या गल्लीत राहायला आलो तेव्हा रविवारी घरोघरी ओव्हनमध्ये मांस भाजत असायचं. सोबत खरपूस बटाटे, टम्म फुगलेलं, पावासारखं खारं यॉर्कशर पुडिंग आणि वरून मांसाच्या रसाची गरम ग्रेव्ही. तो वास भिंती ओलांडून यायचा. मी शाकाहारी घरातली. खिडक्या घट्ट लावून घ्यायची आणि आमटीच्या फोडणीत चिमूटभर हिंग जास्तच टाकायची.

मग मुलं शहरांकडे गेली, म्हातारी माणसं एकेक करून कमी झाली आणि ओव्हन थंड पडत गेले.

“एकटीसाठी कोण एवढा घाट घालणार?” डोरोथी म्हणाली. “पण टेबल मांडलं नाही, तर रविवार वाटत नाही गं.” इस्त्रीचा रुमाल मांडीवर पसरून तिनं ते भांडं दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. “ग्रेव्ही?”

मी हसून भातावर वाढून घेतली.

हल्ली रविवारी मी स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी ठेवते. बाहेरून काहीच येत नाही. गल्लीभर पसरतो तो फक्त माझ्या हिंगाचा वास.