आचाऱ्याचा जीव भांड्यात पडला

आमच्या मालवाहू जहाजावरचा आचारी फार हळवा माणूस. भरसमुद्रात इंजिनचे मिस्त्रीदादा पोट धरून लोळायला लागले, तेव्हा "माझ्याच रश्श्यानं घात केला," म्हणत तो रडकुंडीला आला. कप्तानांनी रेडिओवरून मदत मागवली. हेलिकॉप्टर डोक्यावर घोंघावू लागलं आणि दोरावरून एक डॉक्टरीणबाई डेकवर उतरल्या. त्यांनी दादांचं पोट चाचपलं.

"अपेंडिक्स दिसतंय. लगेच न्यायला हवं."

"म्हणजे जेवणानं नाही ना?" आचारी त्या घरघराटातही ओरडला.

"नाही हो, काका!"

आचाऱ्याचा चेहरा एकदम उजळला. स्ट्रेचर वर जाताना दादांनी डोळे गच्च मिटले होते, तरी हा खालून दोन्ही हात हलवत राहिला.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. ऑपरेशन झालं होतं, दादा हसत होते. आचाऱ्यानं आनंदाच्या भरात थेट कप्तानांनाच मिठी मारली.